खेळलोय म्हणजे बोलता येईलच ना, ताई?

पत्र थोडक्यात, ओळख लपवून: लिहिणारा ३५ वर्षांचा, कोल्हापूरचा. पेठेतल्या तालमीच्या टीममधून खेळायला लागला, मग गोवा, कोलकाता असं करत दहा-बारा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला. जागा स्टॉपरची, म्हणजे बचावात मधोमध उभं राहणाऱ्याची. शेवटचे दोन सीझन बहुतेक बेंचवरच गेले, गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट दोनदा फाटलं, दुसऱ्या ऑपरेशननंतर गेल्या वर्षी खेळणं सोडलं. घरी आईवडील, बायको, पहिलीतली मुलगी. शाहू स्टेडियमवरच्या मॅचेसचे छोटे व्हिडिओ करून टाकायला लागला, गोल का झाला, कोण जागेवर नव्हता वगैरे, आणि ते चालले. ते बघून मुंबईच्या एका कंपनीनं विचारलंय की आम्ही फुटबॉलचं मराठी फीड, म्हणजे मराठी समालोचनासह प्रसारण, सुरू करतोय, एक्स्पर्ट म्हणून येणार का, मॅचमागे आठ हजार, वर्षाला साधारण चाळीस मॅचेस. त्याच वेळी गावातल्या एका शाळेत कोचची नोकरी आलीय, महिना २८ हजार. वडील म्हणतात बडबड करून घर चालत नसतंय. त्यात एका व्हिडिओत त्यानं ज्याची चूक दाखवली तो त्याच्याच तालमीतला लहानपणापासूनचा दोस्त निघाला, तो आता बोलत नाही. तो विचारतो, "आयुष्यभर फुटबॉलच खेळलोय म्हणजे बोलायला जमेलच की. पण माझी बोली अशी, स्टुडिओत हसतील. आणि मित्रांच्या चुका दाखवून पैसे मिळवायचे हे बरं दिसतं का? एकदा मीडियात गेलो की कोचिंगचं दार बंद होतं म्हणतात, खरं का? मला फक्त मैदानाच्या जवळ राहायचंय."

---

तुला अरेतुरे करते, चालेल ना, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस.

तू बरेच प्रश्न विचारलेस पण ज्या वाक्यापुढे प्रश्नचिन्हच टाकलं नाहीस तिथूनच सुरुवात करू. "बोलायला जमेलच की." हे मी खेळ सोडून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून ऐकलंय, फुटबॉलच नाही, कबड्डीवाले, क्रिकेटवाले सगळेच, कारण मी बरीच वर्षं स्पोर्ट्स ब्रॉडकास्टमध्ये काचेच्या पलीकडे बसून पॅनेलवाल्यांच्या कानात बोलायचं काम केलंय. खेळाचं ज्ञान असणं आणि ते दुसऱ्याला आठ सेकंदात सांगता येणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट आपोआप येत नाही, कितीही खेळलेला असलास तरी.

फिल नेव्हिल आठवतो? मँचेस्टर युनायटेडकडून सहा वेळा लीग जिंकलेला, इंग्लंडकडून ५९ मॅचेस खेळलेला माणूस. २०१४ च्या ब्राझील वर्ल्ड कपमध्ये बीबीसीनं त्याला इंग्लंड-इटली मॅचला लाईव्ह सहसमालोचक म्हणून बसवलं आणि प्रेक्षकांच्या ४४५ तक्रारी आल्या. आवाज एकसुरी, झोप येते, अशा. त्याचं फुटबॉल कुणी काढलं नाही हो, फुटबॉल त्याला येतच होतं. पण इंग्लंडमध्ये मध्यरात्रीच्या सुमाराला घरात बसून मॅच बघणाऱ्याला ५९ मॅचेसशी काय देणंघेणं, त्याच्या कानावर जे पडतं त्यावर तो ठरवतो.

आता तुझं काम नेमकं काय असेल ते सांगते, कारण कंपनीनं तुला ते नीट सांगितलेलं दिसत नाही. मराठी फीड म्हणजे बहुतेक वेळा तू स्टेडियममध्ये नसशील. मुंबईत एक छोटी खोली, समोर मॉनिटर, डोक्याला हेडसेट, शेजारी मुख्य समालोचक. बॉल चालू असताना तो बोलणार, कुणाकडे बॉल आहे, कुठे चाललाय. बॉल थांबला, रिप्ले आला की तुझी पाळी, आणि तो रिप्ले आठ-दहा सेकंदांचा असतो. तेवढ्यात 'का झालं' ते सांगायचं आणि थ्रो-इन घेतला की वाक्य अर्धं असलं तरी गप्प बसायचं. हे सगळं चालू असताना कानात माझ्यासारखं कुणीतरी बोलत असतं, "पुढचा रिप्ले उलट्या बाजूनं येतोय, पाच, चार, तीन..." आणि तू त्याच वेळी प्रेक्षकांशी बोलत असतोस. पहिल्यांदा हेडसेट घातलेले भले भले खेळाडू कानात आवाज आला की बोलता बोलता मध्येच "हां हां" म्हणून उत्तर देतात, लाईव्ह. हे सवयीनं जातं, घाबरायचं कारण नाही, पण सवय करावी लागते.

तुझे व्हिडिओ मी बघितले. चांगले आहेत, खरंच. पण ते तू मॅच झाल्यावर करतोस, तो गोल पाच-सात वेळा मागे-पुढे करून बघतोस, अडखळलास तर परत शूट करतोस. लाईव्हमध्ये एकच चान्स. आणि गोल झाल्यावर नवखा एक्स्पर्ट काय बोलतो माहितीये? "काय मारलाय! जबरदस्त! वा!" अरे ते सगळ्यांनी बघितलं की. लोकांना दिसत नाही ते सांगायला तुला बोलावलंय. तीन पास आधी लेफ्ट बॅक वर गेला, त्याची जागा भरायला स्टॉपर बाजूला सरकला आणि मध्ये दार उघडं राहिलं, हे तुला दिसतं आणि मला दिसत नाही. ह्यात तुझी जागा तुझ्या फायद्याची आहे बरं का. स्ट्रायकर आयुष्यभर गोलपोस्टकडे तोंड करून खेळतो, तू मात्र सगळं मैदान समोर ठेवून खेळलास, पुढचे सगळेजण कुठे उभे आहेत हे बघत आणि ओरडून सांगत. इंग्लंडमध्ये टीव्हीवर गाजलेल्यांमध्ये ॲलन हॅन्सन, गॅरी नेव्हिल, जेमी कॅरॅगर असे बचावपटू बरेच आहेत, मला वाटतं तो योगायोग नाही.

सराव कसा करायचा तर, एखादी जुनी मॅच लाव, आवाज पूर्ण बंद कर, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेव आणि पंधरा मिनिटं बोल. मग दुसऱ्या दिवशी ऐक, त्याच दिवशी नको, त्या दिवशी आपल्याला आपलं सगळंच बरं वाटतं. "म्हणजे", "खरं तर", "बघा" किती वेळा आलं ते ऐक. श्वास कुठे संपतोय ते ऐक. आणि बायकोला ऐकव, ती फुटबॉल फारसं बघत नाही असं तू लिहिलंस, मग तर उत्तमच, तिला कळलं तर सगळ्यांना कळेल. मॅचच्या आदल्या दिवशी दोन्ही टीमची यादी काढून नंबर आणि नावं पाठ करायची, परदेशी नावांचे उच्चार विचारून घ्यायचे. कंटाळवाणं काम आहे आणि ह्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत.

शिकून येणारे लोक आहेत, हेही लक्षात ठेव. ॲलेक्स स्कॉट आर्सेनलकडून आणि इंग्लंडकडून खेळली, तिनं स्टॅफर्डशायर विद्यापीठातून क्रीडालेखन आणि प्रसारणाची रीतसर पदवी घेतली. गॅरी लिनेकर १९८६ च्या वर्ल्ड कपमध्ये सगळ्यात जास्त गोल मारलेला माणूस, १९९४ मध्ये जपानमध्ये खेळून रिटायर झाला, पण बीबीसीच्या मुख्य फुटबॉल कार्यक्रमाचा निवेदक झाला तो १९९९ मध्ये, मधली वर्षं रेडिओ, मग पॅनेलवर बसणं, मग छोटे कार्यक्रम अशी गेली. गोल्डन बूट मिळालेल्यालाही उमेदवारी चुकली नाही. बीबीसीत असतानाचा त्याचा वर्षाचा साडेतेरा लाख पौंडांचा पगार पेपरात वाचून आपल्याकडे पोरं स्वप्नं बघतात, ती मधली वर्षं कुणी वाचत नाही.

बरं, आता बोली. ह्याच ॲलेक्स स्कॉटवर २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी एका लॉर्डसाहेबांनी जाहीर टीका केली की ही शब्दांच्या शेवटचा 'ग' खाते, उच्चार नीट नाहीत. ती पूर्व लंडनच्या कामगार वस्तीतली, तिनं उत्तर दिलं की मी तिथली आहे आणि माझ्या बोलण्याचा मला अभिमान आहे. लोक तिच्या बाजूनं उभे राहिले. तुझ्या बाबतीत तर मी म्हणेन की त्या कंपनीनं तुला विचारलं ते ह्याच बोलण्यामुळे. महाराष्ट्रात फुटबॉलवर जीव टाकणारं गाव कुठलं म्हटलं तर पहिलं नाव कोल्हापूर. तालीम मंडळांच्या मॅचला स्टेडियम भरतं, मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ म्हटलं की पोलिसांना बंदोबस्त लावावा लागतो, ही भाषा त्या गॅलरीत बसणाऱ्याची आहे. ती घालवून तू पेपरातल्यासारखं बोलायला लागलास तर तुझ्याऐवजी कुणीही चालेल. फक्त दोन गोष्टी. एक, वेग कमी कर, तुझ्या व्हिडिओत शेवटचे शब्द गिळले जातात, ते बोलीमुळे नाही, घाईमुळे. दुसरी, गॅलरीतल्या शिव्या गॅलरीतच ठेव.

शिव्यांवरून आठवलं म्हणून इथेच सांगते. माईक बंद आहे असं कधीही समजायचं नाही. रॉन ॲटकिन्सन, मोठा मॅनेजर आणि समालोचक, २००४ मध्ये प्रसारण संपलं समजून एका कृष्णवर्णीय खेळाडूबद्दल वर्णद्वेषी बोलला, काही देशांत फीड चालूच होतं, नोकरी गेली. अँडी ग्रे, हाही माजी स्ट्रायकर, वीसेक वर्षं स्काय स्पोर्ट्स चॅनेलचा चेहरा होता, २०११ मध्ये एका महिला सहाय्यक पंचाबद्दल माईकआड केलेली शेरेबाजी बाहेर आली आणि काही दिवसांत हकालपट्टी झाली. ड्रेसिंग रूममध्ये आपण काहीही बोलतो, ते तिथेच राहतं अशी तुम्हा लोकांची सवय असते. स्टुडिओ ड्रेसिंग रूमसारखा वाटतो, हसतखेळत, चहा चालू, पण तो ड्रेसिंग रूम नाही.

आता तुझ्या दोस्ताचं. ह्यावर जरा थांबते कारण मला वाटतं तुझी खरी झोप ह्यानंच उडवलीय, पैशानं नाही.

तू म्हणतोस "मी फक्त खरं बोललो". तो व्हिडिओ मी परत लावून ऐकला. तू बोललास, "ह्याला जागाच कळत नाही, पोटात भूकच राहिली नाही आता." ह्यातलं खरं काय आहे सांग बरं? त्या एका गोलच्या वेळी तो जागेवर नव्हता, हे खरं. जागाच कळत नाही, हे तू एका गोलवरून त्याच्या अख्ख्या खेळाबद्दल बोललास. आणि पोटातली भूक तुला कुठल्या कॅमेऱ्यात दिसली? गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झाल्यावर तू बेंचवर बसायचास तेव्हा तुझ्याबद्दल कुणी असं बोललं असतं तर?

हेच असं सांगता आलं असतं बघ: "लेफ्ट बॅक वर अडकला होता, स्टॉपरसमोर दोघे, त्यानं बॉलवाल्याकडे जायचं ठरवलं आणि मागचा मोकळा सुटला, तिथं अर्धा सेकंद थांबून पास अडवला असता तर मदत पोचली असती." चूक त्याचीच राहिली, तू लपवली नाहीस, पण ऐकणाऱ्या पोराला काहीतरी शिकायला मिळालं आणि दोस्ताला फार तर म्हणता आलं असतं की बाबा, मला वाटलं मी पोचेन. निर्णयावर बोल, माणसावर नको. तू तो गोल सात वेळा बघितलास, त्याला एकदाच आणि तेही पळता पळता ठरवायचं होतं, हा फरक तुझ्या बोलण्यात दिसला पाहिजे. तुझ्याइतका तो कुणाला माहीत असणार?

पण उलट्या बाजूलाही जाऊ नकोस. मित्र आहे म्हणून चूक दिसली तरी "दुर्दैवी गोल" म्हणून सोडून द्यायचं, हे प्रेक्षक दोन मॅचमध्ये ओळखतात आणि मग तुझं कौतुकही कुणी खरं मानत नाही. ज्याच्याबरोबर खेळलास त्याच्यावर बोलताना सरळ सांग की आम्ही एका टीममध्ये होतो, आणि मग बोल. काही लोक दुखावतील. ते होणारच आणि ते सहन होत नसेल तर हे काम घेऊ नकोस, इतकं मी स्पष्ट सांगते.

खरी गद्दारी कशाला म्हणायचं ते सांगू? अजून खेळणारे तुझे मित्र तुला रात्री फोन करून जे सांगतात, कोच कसा वागतो, कुणाचा पगार थकलाय, कोण दुखापत लपवून खेळतोय, ते माईकवर आणणं. चॅनेलवाले तुझ्याकडून नेमकं तेच काढायला बघतील, "आतली बातमी काय" म्हणून. तिथे तोंड बंद. मैदानावर सगळ्यांना दिसलं त्यावर बोलायचा तुला हक्क आहे, कानात सांगितलेल्यावर नाही. ही रेघ आधीच आखून ठेव आणि मित्रांनाही सांगून ठेव.

आणि एक्स्पर्ट म्हणजे तिखटच बोलला पाहिजे असं तुला कुणी सांगितलं असेल तर इंग्लंडचा माजी बचावपटू मायका रिचर्ड्सकडे बघ. त्याचंही करिअर गुडघ्यानंच खाल्लं, २०१९ मध्ये ३१ व्या वर्षी रिटायर झाला, आणि आज तो टीव्हीवर चालतो ते मनमोकळं हसण्यामुळे आणि खेळाडूच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललं असेल ते सांगण्यामुळे. शेजारी युनायटेडचा माजी कप्तान रॉय कीन कपाळाला आठ्या घालून बसलेला असतो, ते वेगळं. दोघेही खपतात. तू तुझ्यासारखा बस.

चुकशील तेव्हा काय, तर काही नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये युनायटेड ॲस्टन व्हिलाकडून ३-१ हरले तेव्हा हॅन्सन टीव्हीवर म्हणाला की पोरांना घेऊन काहीही जिंकता येत नाही. त्याच पोरांनी त्या सीझनला लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. ते वाक्य लोक आजही त्याला ऐकवतात, पण तो त्यानंतर २०१४ पर्यंत त्याच खुर्चीत होता.

कोचिंगचं दार बंद होतं का? नाही, उलट येणंजाणं चालू असतं. गॅरी नेव्हिल टीव्हीवर सगळ्यांच्या चुका काढून नाव कमावत होता, डिसेंबर २०१५ मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सियाचा कोच झाला, लीगच्या १६ मॅचेसमध्ये ३ जिंकल्या, बार्सिलोनानं कपच्या सेमीफायनलला ७-० धुतलं आणि मार्चअखेर घरी. लोकांनी भरपूर टर उडवली. पण टीव्हीवर परत आला आणि आजही त्याला ऐकतात. आपल्याकडचं बघायचं तर पुण्याचा केदार जाधव, २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमावर मराठी कॉमेंट्री करत होता, मे महिन्यात डेव्हिड विलीच्या जागी बंगळुरूच्या टीमनं त्याला घेतलं, हेडसेट काढून पॅड बांधले. तेव्हा दार बंद होतं वगैरे विसर. तू एआयएफएफचा, म्हणजे भारतीय फुटबॉल फेडरेशनचा, कोचिंगचा डी लायसन्स कोर्स केलायस असं लिहिलंस, पुढचा सी लायसन्स करायची तयारी ठेव, तो करताना खेळाकडे बघायची जी नजर येते ती कॉमेंट्रीतही कामाला येईल.

आता हिशेब, कारण वडिलांचं म्हणणं मला अजिबात चुकीचं वाटत नाही. चाळीस मॅचचे आठ हजारप्रमाणे ३ लाख २० हजार. शाळेचे बारा महिन्यांचे ३ लाख ३६ हजार. म्हणजे कागदावर सारखंच. पण मुंबईला जायचं-यायचं-राहायचं कोण देणार हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी पोचलास आणि एखाद्या मित्राकडे टेकलास तर भागेल, पण दर वेळी मित्र नसतो, आणि लॉज, रिक्षा, जेवण धरून फेरीला तीन हजार धरले तर एका फेरीत दोन मॅचेस केल्यास तरी वीस फेऱ्यांचे साठ हजार तुझ्या खिशातून. शिवाय कंपनी प्रोफेशनल फी म्हणून दहा टक्के टीडीएस कापून देईल, रिटर्न भरल्यावर बसेल तसा परत मिळतो पण हातात उशिरा येतो. आणि मॅचमागे पैसे ह्याचा दुसरा अर्थ, मॅच नाही तर पैसे नाहीत. २०१० च्या डिसेंबरमध्ये झालेला फेडरेशनचा लीग चालवणाऱ्या कंपनीशी असलेला १५ वर्षांचा करार संपत आला, पुढचं ठरेना, आणि जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, अख्खा सीझनच लटकला, हे तर तुझ्या मित्रांनी भोगलंय, काही क्लबांनी खेळाडूंचे पगारच थांबवले होते. खेळाडूचा पगार थांबतो तिथे मॅचमागे पैसे घेणाऱ्या एक्स्पर्टला कोण विचारतो.

म्हणून करारात बघ: वर्षाला किमान किती मॅचेसचे पैसे नक्की, मॅच रद्द झाली तर अर्धे तरी देणार का, प्रवास आणि राहणं कुणाचं, पैसे किती दिवसांत. आणि एक बारीक अक्षरातलं कलम जरूर शोध, 'इतरत्र काम करता येणार नाही' असं काही असतं, त्यात तुझे स्वतःचे व्हिडिओ येतात का ते लेखी विचार. ते व्हिडिओ हीच आत्ता तुझी खरी कमाई आहे, आठ हजारांसाठी ते बंद करू नकोस. सही करायच्या आधी ओळखीच्या वकिलाला कागद दाखव.

व्हिडिओंना बघणारे वाढले की जाहिरातवाले येतील. त्यात पैसे लावून खेळायच्या ॲपवाला आला तर कितीही देत असला तरी हात जोड. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैशांच्या खेळांची नुसती जाहिरात केली तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. माजी खेळाडूंना हे लोक गाठतातच कारण चेहरा ओळखीचा आणि खिसा रिकामा. हे फक्त तुला नाही, पत्र न लिहिता हे वाचणाऱ्या सगळ्या रिटायर खेळाडूंना सांगते.

आणि ते "मैदानाच्या जवळ राहायचंय"? मुंबईतल्या त्या एसी खोलीत मैदान नाहीये रे. गवत नाही, मॅचनंतर कुणी गळ्यात पडत नाही, साडेअकराला हेडसेट काढून ठेवायचा आणि लॉजवर जायचं. युरोपातल्या मॅचेस असतील तर पहाटेचे तीन. मैदान जवळ हवं असेल तर ते शाळेत आहे, सकाळी सहाला, चाळीस पोरं आणि दहा बॉल. तुला गुडघा धरून का होईना पण बूट घालायचे आहेत, की लोकांनी आपलं ऐकावं असं वाटतंय? दुसरं वाटत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, इतकी वर्षं गॅलरी ओरडायची आणि एकदम शांत झाली, कुणालाही वाटेल. फक्त दोन्ही एकच समजून निर्णय घेऊ नकोस.

माझं मत विचारशील तर शाळा घे आणि कंपनीला सांग की एक सीझन फक्त शनिवार-रविवारच्या मॅचेस करतो. वीसेक मॅचेस झाल्या तरी वरचे दीड लाख, घर शाळेवर चालेल आणि हे काम आपल्याला जमतं का, आवडतं का, ते वर्षभरात कळेल. शाळेला मात्र आधी सांगून त्यांची लेखी परवानगी काढ, मागाहून भानगड नको. शाळा नाहीच म्हणाली तर? तर तुझ्या घरची परिस्थिती बघता ह्या वर्षी शाळाच, आणि व्हिडिओ चालू ठेव, हात चालता राहील, कंपन्या परत येतात.

त्या दोस्ताला भेटून ये, मेसेज टाकू नको. स्पष्टीकरण देत बसू नकोस, भुकेचं वाक्य चुकलं एवढं सांग आणि वाटलं तर त्याला म्हण की पुढच्या व्हिडिओत तूच सांग त्या वेळी तुला काय दिसलं होतं. आला तर तो तुझा आजवरचा सगळ्यात चांगला व्हिडिओ होईल, कारण दोन स्टॉपर एका गोलवर भांडताना मी तरी अजून कुठल्या चॅनेलवर बघितले नाहीत.

कंपनीला मेल करशील त्यात हेही विचार की पहिल्या मॅचआधी दोन-तीन डमी कॉमेंट्री करून घेणार का, हेडसेट घालून, कानात प्रोड्युसर ठेवून. हो म्हणाले तर मंडळी कामाची आहेत. नाही म्हणाले, "तुम्ही खेळाडू आहात, तुम्हाला काय गरज" असं काही म्हणाले, तर करारातला प्रवासखर्चाचा मुद्दा आणखी एकदा नीट वाच.